घोड्याला टांगलेलं मीठ

धर्माकाका म्हात्र्यांच्या मागच्या पडवीत फिटरच्या लोखंडी पकडीत, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळलेला बंदुकीचा घोडा आणि त्याला टांगलेली मिठाची पिशवी दिसली, तर घाबरू नका. करणी वगैरे काही नाही. काका मोजमाप करतायत. पिशवीत चमच्याचमच्यानं मीठ टाकायचं, घोडा ‘खट्’ करून सुटला की थांबायचं, पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची आणि आलेला आकडा खडूनं भिंतीवर लिहायचा. भिंतीवर आता एवढे आकडे झालेत की मागे विजेचं मीटर बघायला आलेला माणूस ते बराच वेळ न्याहाळत राहिला आणि जाताना हळूच मटक्याचा आजचा ओपन विचारून गेला.

घोडा म्हणजे बोट लावून ओढला की गोळी सुटते, तो. बंदूक काही फार मोठी नाही. छर्‍याची आहे. खाडीकडच्या शेतात वानरं हाकलायला काकांनी ती कधीतरी तरुणपणी घेतली. काका सांगतात की तिच्यानं आजवर एक कावळाही मेला नाही. वानरं तर ओळखीची झाली होती, आवाज झाला की कोण आलंय ते बघायला खाली उतरायची.

“काका, मीठ कशाला? वाळू टाका की,” मी एकदा म्हटलं.

“आमचा बाप जल्मभर मिठागरात मीठ ओढत व्हता. आमच्या घरातलं वजन मिठातच व्हनार,” काका म्हणाले. विषय संपला.

मी पेणला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. फॉर्म भरून देतो, दाखले काढून देतो, ज्यांचा मोबाइलवर विश्वास नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन मागवूनही देतो. काकांचा मोबाइलवर विश्वास नाही. माझ्यावर आहे असंही नाही, पण मी त्यांच्याच गल्लीत राहतो, त्यामुळे पळून जाणार नाही याची खात्री आहे. मला ते नावानं हाक मारत नाहीत. “अरे झेरॉक्स” म्हणतात. माझ्या लग्नात मुलीकडच्यांशी त्यांनी माझी ओळख “हा आमचा झेरॉक्स” अशी करून दिली होती आणि माझे सासरे बराच वेळ मूळ प्रत कोण आहे ते शोधत होते.

काका रोह्याला धाटावच्या एका कंपनीत फिटर होते. सगळं आयुष्य शिफ्टमध्ये गेलं आणि त्या आयुष्यातून त्यांनी एकच प्रश्न घरी आणला. “वापर काय?” तुम्ही काहीही विकत घ्या, काका ते हातात घेऊन उलटंसुलटं करणार आणि विचारणार, “वापर काय?” मिक्सर घेतला, वापर काय. गाडी घेतली, वापर काय. एका हळदीला ड्रोनवाला आला होता. काकांनी त्याला एवढ्यांदा वापर विचारला की त्यानं नवरीऐवजी काकांचंच शूटिंग केलं. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला. काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि शांतपणे विचारलं, “वापर काय?” बिचारा पाच मिनिटं बोलत होता. काका म्हणाले, “सांग, सांग. मना घाई नाय.”

घोड्याचं वेड मात्र त्यांना नंतर लागलं. बंदूक जुनी, वेड दोन वर्षांचं.

ही दोन वर्षं हिराकाकींच्या आजारपणाचीही आहेत. काकी, म्हणजे धर्माकाकांची बायको, हमरापूरची. माहेरी गणपतींचा कारखाना. काकी लग्नाआधीपासून तिथे मूर्तींचे डोळे आखत आल्या. मूर्तीचं बाकी सगळं रंगवणारे गावात पुष्कळ असतात, पण डोळ्यांची आखणी मोजक्यांच्याच हातची. काकींनी डोळे काढले की भाऊ मूर्ती वळवून ठेवायचा, कारण काम करणारी माणसं सारखी वर बघायला लागायची. घरचा गणपती तर दुसर्‍या कुणाच्या डोळ्यांचा कधी आलाच नव्हता.

मग पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय पुष्कळसा सुधारला, जीभही सुधारली (थोडी जास्तच, असं काका म्हणतात), पण उजवा हात तसाच राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. काकींनी तो तिसर्‍या दिवशी खिडकीतून फेकला, डाव्या हातानं. आणि गेल्या वर्षी गणपती आला तो दुसर्‍याच्या हातच्या डोळ्यांचा. आरतीला अख्खी गल्ली जमली, काकी आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. शेजारच्या गोरे वहिनी बोलवायला गेल्या तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “कोन हाय तो? मी वलखत नाय त्याला.”

अशा घरात नवरा बंदुकीचे घोडे मागवत बसला होता. गल्लीनं काय म्हणायचं? बायकोच्या काळजीनं डोकं फिरलं, असं चांगली माणसं म्हणायची. बाकीचे फक्त “डोकं फिरलं” एवढंच म्हणायचे. मी बाकीच्यांत होतो.

बंदुकीचा मूळचा घोडा फार जड होता. काकांच्या हिशेबात दोन किलो मीठ. तो बदलून मिळतो, बाहेरचे लोक वेगवेगळे घोडे बनवून विकतात, हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. मी मागवून दिला. त्याआधी त्यांनी मला परदेशातल्या गिर्‍हाइकांचे अभिप्राय मराठीत वाचून दाखवायला लावले. एकानं लिहिलं होतं, घोडा असा सुटतो जणू काचेची कांडी मोडावी.

“काच मोडली की बोटात घुसते. त्याला वापर कल्ला नाय. फुडचा वाच.”

पहिला घोडा आला तो भलताच हलका. चार चमचे मिठात सुटायचा. दोन दिवसांनी दुपारी छर्रा कुंपणापलीकडे गेला आणि गोरे वहिनींनी वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडाला बरोब्बर मधोमध भोक पडलं. वहिनींचे पापड मुंबईपर्यंत जातात. त्या तो पापड हातात धरून आल्या आणि भोकातून काकांकडे बघत बोलल्या. जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. काका मान खाली घालून “माझा हात हालला, वैनी, माझा हात हालला” एवढंच म्हणत राहिले. दुसर्‍या दिवशी हमरापूरहून शाडूच्या मातीचे गोळे टेम्पोनं आले आणि परसात पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. आता छर्रा त्या मातीत रुततो. वहिनींचे पापडही सुरक्षित आहेत.

घोडा परत पाठवायचा होता. परत पाठवण्याचं कारण यादीतून निवडायचं असतं. काका म्हणाले, “लिव, माल चांगला हाय, पण माझ्या वापराचा नाय.” असं कारण यादीत नव्हतं. मी ‘आवड बदलली’ असं निवडलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरा घोडा आला, तोही गेला. तोपर्यंत काकांना घोड्यांचं एवढं ज्ञान झालं होतं की ते माणसांना लावायला लागले. घोडे दोन जातींचे असतात म्हणे. एकटप्पी, म्हणजे बोट लावलं की थेट सुटणारा. आणि दोनटप्पी, म्हणजे आधी नुसताच सैल मागे येतो, मग एका जागी अडतो, तिथे बोटाला कळतं की आता भिंत आली, आणि पुढे जरासा जोर दिला की सुटतो.

“तुझी बायको दोनटप्पी,” काका माझ्या बायकोसमोर मला म्हणाले. “आदी गप ऐकते. मग थांबते. तिथं शान्यानं बोट काढून घ्यावं. तू एकटप्पी. हात लागला का सुटला.”

माझी बायको त्या दिवसापासून काकांना सणावाराला डबा पाठवते.

विक्रीवाल्यांना फोन करायचं कामही माझंच. पलीकडचा माणूस वैतागून म्हणायचा, अहो, लोक हलक्यात हलका मागतात, स्पर्धेला तोच लागतो, तुम्हाला हवाय तरी कसा? काका माझ्या कानाशी कुजबुजायचे, “त्याला सांग, आदी हलका, मंग जड. आनि मधी भिंत पायजे. आंधल्यालाबी कलंल आशी.” मी सांगायचो. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा.

शेवटी मीच म्हटलं, रोह्याला रायफल शूटिंगचा एक क्लास आहे, तिथे जाऊन चार घोडे हाताळून या आणि माझी सुटका करा. काका तयार झाले, पण गाडीवर नेणार कोण? झेरॉक्स.

क्लास म्हणजे एक लांबलचक हॉल. शिकवणार्‍या शिंदे मॅडम तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, मोजकं बोलणार्‍या. काकांनी जुन्या टॉवेलात गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवली. मॅडमनी ती पाहिली, कौतुकानं हात फिरवला आणि म्हणाल्या, “छान ठेवलीय काका. घोडा बदलायचाय ना? वापर काय?”

मी गाडीची किल्ली खिशात टाकली. दोन वर्षं, नव्हे जन्मभर जो प्रश्न या माणसानं सगळ्या जगाला विचारला, तो आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारला होता. आता मी मजा बघायला पुढे सरकलो.

काका टॉवेलाची घडी घालायला लागले.

“दहा मीटरची स्पर्धा खेळणार का?” मॅडमनी मदत केली. “की शेतात वानरं वगैरे? त्यावर ठरतं. स्पर्धेला हलका लागतो. शेतात हाताळायला जडच बरा, चुकून सुटत नाही.”

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. “घरातलाच,” ते म्हणाले.

“घरातला म्हणजे?”

उत्तर द्यायच्याऐवजी काकांनी खिशातून सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा काढला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला त्याचे तीन घट्ट वेढे दिले, दातानं गाठ मारली. डोळे मिटले. “आता दाखवा,” म्हणाले.

मला तिथून निघून जावंसं वाटलं. मॅडमनी मात्र एकामागून एक बंदुका पुढे ठेवल्या आणि काका मिटल्या डोळ्यांनी, रबर गुंडाळलेल्या त्या जाड बोटानं एकेक घोडा ओढत गेले. नाय. नाय. ह्याची भिंत बोटाला कलत नाय. हा पन नाय. मॅडम त्या बोटाकडे बघत होत्या. बोट काळंनिळं पडायला लागलं होतं. मग त्यांनी काहीच न विचारता आतलं कपाट उघडलं आणि एक जुना, वापरून बाजूला ठेवलेला दोनटप्पी घोडा आणला.

काकांनी तो ओढला. थांबले. परत ओढला. “कलली,” ते म्हणाले. “भिंत बोटाला कलली.”

“तुमच्या बंदुकीत हा बसायचा नाही, काका.”

“मी बसवतो. कानस हाय घरी.”

पैशांचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, “राहू दे. जमलं की कळवा.” काय जमलं की, ते मला कळलं नाही. दोघांना कळलं होतं.

येताना वाटेत गडब गावी चहाला थांबलो. माझा राग तिथे बाहेर आला. मी म्हटलं, काका, तिकडे काकींचा हात लुळा पडलाय, त्यांना डोळे आखता येत नाहीत म्हणून त्या वर्षभर झुरतायत, गणपती परत दोन-तीन महिन्यांवर आले, आणि तुम्ही या खेळण्यापायी रोह्यापर्यंत फिरताय. लाज कशी वाटत नाही? अगदी असंच म्हटलं. मला अजून आठवतं.

काकांनी रबराचे वळ उमटलेलं बोट चोळलं. अजून काळंनिळं होतं ते, चहाच्या गरम ग्लासाला लावून बसले. “झेरॉक्स,” ते म्हणाले, “तुझा पैला टप्पा लय आखूड हाय.”

घोडा बसला. आणि मग काकांनी खरोखर वेड लागल्यासारखं काम सुरू केलं. एवढ्या खटाटोपानं हलका घोडा मिळवला आणि आता दर आठवड्याला त्याचा स्क्रू आवळून तो जड करायला लागले. भिंतीवर आकडे चढत गेले. शंभर ग्रॅम. दीडशे. एकशे ऐंशी. मला भेटले की आकडा सांगायचे, मी मान हलवायचो.

श्रावणात एका दुपारी त्यांच्या नावानं एक स्प्रिंग आली. द्यायला गेलो. पुढचं दार बंद होतं म्हणून बाजूनं परसात गेलो आणि पडवीच्या कोपर्‍यावरच उभा राहिलो.

बंदूक टेबलावर वाळूच्या दोन पिशव्यांवर टेकवलेली होती. तिच्यामागे खुर्चीत हिराकाकी. त्यांचा उजवा हात काकांनी उचलून जागेवर ठेवला, एकेक बोट लावलं, पहिलं बोट घोड्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकले. चाळीस वर्षं मशिनी सांभाळलेला माणूस त्या एका बोटावरून नजर हलवत नव्हता.

“दम सोड गो,” काका म्हणाले. “आर्दा सोड, आनि—”

“मना शिकवतंय!” काकी कडाडल्या. “डोला काडताना दम कसा धरायचा ते मी तुला सांगितलं का तू मना? गप र्‍हा.”

काकींनी अर्धा श्वास सोडला. बोट हललं. थांबलं. भिंतीपाशी थांबलं, हे मला तिथूनही दिसलं. मग ‘खट्’ झालं आणि छर्रा शाडूत रुतला.

“कल्लं?” काकांनी विचारलं.

“कल्लं,” काकी म्हणाल्या. “दोनशे का?”

“दोनशे वीस.”

दोन आणि दोन चार करायला मला दोन वर्षं लागली. पापडाला भोक पाडणारा हात काकांचा नव्हताच. ट्यूब बांधून बधिर केलेलं ते बोटही काकांनी काकींचं म्हणून लावलं होतं.

काकांनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे ओशाळले. मला बाहेर पागोळीपाशी घेऊन आले. “चेंडू दाबला तर तिला कलत नाय रे, दाबला का नाय ते. हाताला खबरच नाय. मी सांगायचो, दाबलंस गो, दाबलंस. तिला वाटायचं मी खोटं बोलतंय. बायकोला नवर्‍याचं कवा खरं वाटतं? पन बंदूक खोटं बोलत नाय. खट् झालं म्हंजे दाबलं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “कोनाला सांगू नको. नाय जमलं तर लोक तिला इचारतील. मना येडा म्हनतात तेच बरं.”

मी स्प्रिंग त्यांच्या हातात दिली आणि माफी मागितली. “सोड,” ते म्हणाले. “स्प्रिंग बारीक आलीय.”

गणपतीच्या चार दिवस आधी आम्ही तिघं रिक्षानं हमरापूरला गेलो. कारखान्यात काकींच्या भावानं एक लहानशी मूर्ती बिनडोळ्यांची ठेवली होती. काकींनी मनगटाखाली वाळूची पिशवी मागितली, बारीक ब्रश घेतला, अर्धा श्वास सोडला. उजवा डोळा आखला. तो असा उतरला की भावानं रंगाचा डबा खाली ठेवला. डाव्या डोळ्याला हात दमला आणि कोपर्‍यातली रेघ जराशी वर गेली. भाऊ म्हणाला, पुसून मी करतो. काकींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो दुसरं काम शोधायला निघून गेला.

चतुर्थीला गल्ली जमली. गोरे वहिनी मूर्तीकडे टक लावून म्हणाल्या, “डावा डोळा जरा हसतोय का हो?”

“त्याला तुमच्या पापडाची गोष्ट सांगितली,” काका म्हणाले.

आरती सुरू झाली तेव्हा आतल्या खोलीचा पडदा सरला आणि काकी स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या. काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. टाळ्यांचा, झांजांचा नुसता गजर. मी काकांच्या मागेच होतो. काका आरती म्हणत नव्हते, टाळ्याही वाजवत नव्हते. काकींच्या उजव्या मुठीत काकांचं पहिलं बोट होतं. त्यांनी डोळे मिटले होते आणि ते हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं स्तोत्र असेल, म्हणून कान पुढे केला.

“तीनशे ऐंशी... तीनशे नव्वद...”

“चारशे हाय,” काकी समोर बघत म्हणाल्या आणि त्यांनी मूठ आणखी आवळली.